अ‍ॅडॅप्टर जळालाय? नवा घेण्याआधी हे बघून घ्या

माझे बाबा मिरजेला गाणं शिकवतात. घरात दोन जुने तानपुरे आहेत, पण पहाटेच्या रियाजाला ते इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी लावतात. बोटं दुखतात, खुंट्या पिळत बसणं आता होत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्या पेटीच्या अ‍ॅडॅप्टरची वायर उंदराने कुरतडली. शेजारच्या काकांनी लगोलग त्यांच्या जुन्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर आणून दिला. पिन बरोबर बसली, पेटी वाजायलाही लागली. दहा-बारा मिनिटं झाली असतील, षड्ज थरथरायला लागला, मग जळका वास आला आणि पेटी बंद पडली.

दुरुस्ती करणाऱ्या दादांनी पेटी उघडून मला जवळ बोलावलं आणि शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर, म्हणजे वीज थोडा वेळ साठवणारा सुटा भाग, दाखवला. त्याचा सपाट माथा फुगून वर आला होता, कडेने तपकिरी द्रव सुकला होता. त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत १० व्होल्ट छापलेलं, म्हणजे तो तेवढंच सोसणारा. पेटी ९ व्होल्टची आणि राउटरचा अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर चालतो, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. मीही धरलं होतं. पण पिनेच्या मापाचा आणि व्होल्टेजचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. अगदी एकाच मापाच्या पिनेचे ५, ९, १२ आणि २४ व्होल्टचे अ‍ॅडॅप्टर बाजारात आहेत. त्यानंतर सांगलीत माझ्या घरच्या राउटरचा, वहिनीच्या सीसीटीव्हीचा आणि सासूबाईंच्या बीपी मशीनचा असे तीन अ‍ॅडॅप्टर मी स्वतः बघून घेतले. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते.

दुकानात जाताना बरोबर काय न्यायचं

- ज्याचा अ‍ॅडॅप्टर हवाय ती वस्तू. उचलण्यासारखी असेल तर खरोखर पिशवीत घालून न्या.
- जुना अ‍ॅडॅप्टर, जळका असला तरी.
- वस्तूच्या मागच्या किंवा खालच्या लेबलचा मोबाईलवर जवळून काढलेला फोटो.
- माहितीपुस्तिका सापडली तर तीही. शेवटच्या पानांत अ‍ॅडॅप्टरचा तपशील असतो.
- व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर असेल तर उत्तम. नसेल तर ज्याच्याकडे आहे असं दुकान निवडा.

१. अ‍ॅडॅप्टरच गेलाय का, ते आधी ठरवा

आधी दुसऱ्या बोर्डवर लावून बघा. सॉकेटच सैल झालेलं असतं आणि आपण अ‍ॅडॅप्टर फेकून देतो, असं पुष्कळदा होतं. मग वायर पिनेजवळ आणि डबीजवळ हलकेच वाकवून बघा. वाकवल्यावर दिवा लागत-विझत असेल तर आतली तार तुटली आहे. नुसती वायर तुटली असेल तर चांगला दुरुस्तीवाला नवी वायर आणि नवी पिन डाखून देतो. आमच्या पेटीचंही तेवढंच झालं होतं. काम दहा मिनिटांचं होतं.

अ‍ॅडॅप्टर हळूहळूही मरतो, आणि ते ओळखणं अवघड जातं. राउटर संध्याकाळी घरातले सगळे मोबाईल जोडले की आपोआप बंद होऊन चालू होतो. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर टक-टक आवाज करत पुन्हा पुन्हा सुरू होतो. अ‍ॅडॅप्टरवरचा छोटा दिवा लुकलुकतो. अशा वेळी मल्टीमीटर लावला तर १२ व्होल्ट अगदी व्यवस्थित दिसतात, कारण लोड नसताना, म्हणजे वस्तू जोडलेली नसताना, तो नीट असतो आणि लोड आला की बसतो. म्हणून नुसता आकडा बघून ‘अ‍ॅडॅप्टर चांगला आहे’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच अँपिअरचा दुसरा, नक्की चांगला अ‍ॅडॅप्टर थोडा वेळ लावून बघणं हीच खरी परीक्षा.

२. लेबल वस्तूचं वाचा, हातात असलेल्या अ‍ॅडॅप्टरचं नंतर

हातात असलेला अ‍ॅडॅप्टर त्याच वस्तूबरोबर आलेला आहे याची खात्री कुणाला असते? घरात एक खण असतो, त्यात सगळ्यांचे अ‍ॅडॅप्टर गुंतलेले असतात आणि चार वर्षांत त्यांची अदलाबदल झालेली असते. म्हणून वस्तूच्या मागे, खाली किंवा पिनेच्या भोकाजवळ काय लिहिलंय ते आधी बघा. अक्षरं पुसट असतील तर मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, कोरलेली अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात.

अ‍ॅडॅप्टरच्या लेबलवर दोन ओळी असतात, इनपुट आणि आउटपुट. इनपुट म्हणजे भिंतीतून काय घेतो, आउटपुट म्हणजे वस्तूला काय देतो. आपल्याला आउटपुटची ओळ हवी. इनपुटच्या ओळीत ०.५ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि घाईत लोक तोच आकडा दुकानदाराला सांगतात. वहिनीने हेच केलं होतं. डीव्हीआरला २ अँपिअर लागत होते आणि ती ०.५चा घेऊन आली.

इनपुटची ओळ एकदाच, पण न चुकता बघा. तिथे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असावं. अमेरिकेहून कुणी भेट आणलेल्या वस्तूच्या अ‍ॅडॅप्टरवर नुसतं १२० व्होल्ट असेल तर तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डवर लावायचाच नाही, लावल्या लावल्या उडेल.

लेबलवर वर्तुळात रोमन पाच किंवा सहा दिसतो. तो विजेच्या बचतीचा दर्जा आहे, व्होल्ट नव्हेत.

३. व्होल्टेज तेवढंच हवं

९ला ९, १२ला १२, २४ला २४. ‘थोडं जास्त चालतं’ हे वाक्य ऐकलंत की दुकानातून निघा. जास्त व्होल्टेज गेलं तर काय होतं ते मी त्या फुगलेल्या कपॅसिटरमध्ये पाहिलंय. कमी गेलं तर सहसा जळत नाही, पण वस्तू अर्धवट चालते. राउटर अडकतो, आरओचा पंप दमल्यासारखा चालतो, डीव्हीआरची हार्डडिस्क लिहिता लिहिता बंद पडून रेकॉर्डिंग खराब होतं. लॅपटॉपमध्ये १९ आणि १९.५ असा अर्ध्या व्होल्टचा फरक चालून जातो. ९ आणि १२ हा तसा फरक नाही.

इथेच एक चिन्ह बघायचं. व्होल्टच्या आकड्यापुढे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर तो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. नागमोडी रेघ असेल तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा. आउटपुटला बहुतेक अ‍ॅडॅप्टर डीसी देतात, पण काही जुने मोडेम, काही वाद्यांची यंत्रं आणि दाराच्या काही बेल एसीवर चालतात. १२ व्होल्ट एसी आणि १२ व्होल्ट डीसी हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

जुन्या, विटेसारख्या जड अ‍ॅडॅप्टरांविषयीही सांगायला हवं. त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो. लेबलवर १२ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना अशा साध्या अ‍ॅडॅप्टरवर मल्टीमीटर १६-१७ व्होल्टही दाखवतो. ज्या वस्तूबरोबर तो आला तिच्या आत ते व्होल्टेज खाली आणण्याची सोय असते. तोच जड अ‍ॅडॅप्टर आजच्या नाजूक राउटरला लावू नका. उलट, जुन्या वस्तूला नवा हलका अ‍ॅडॅप्टर साधारणपणे चालतो. पण रेडिओ, वाद्य किंवा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर स्वस्त हलक्या अ‍ॅडॅप्टरने गुणगुण आवाज येतो. बाबांच्या कानाला तो लगेच लागला, त्यामुळे आम्हाला एक बदलून आणावा लागला.

४. अँपिअर तेवढे किंवा जास्त

इथे लोक उलटे घाबरतात. १ अँपिअरच्या वस्तूला २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लावला तर जळेल, असं मला दोघातिघांनी सांगितलं. नाही जळत. स्वयंपाकघरात मिक्सर-ओव्हनसाठी १६ अँपिअरचं मोठं सॉकेट असतं, त्यात मोबाईलचा चार्जर लावला तर मोबाईल काही १६ अँपिअर ओढत नाही. वस्तू तिला लागेल तेवढाच करंट घेते. व्होल्टेज सारखं असलं की अँपिअर जास्त असणं चांगलंच, अ‍ॅडॅप्टर कमी तापतो.

कमी अँपिअरचा मात्र घेऊ नका. तो तापतो, आतून सुकत जातो आणि काही महिन्यांत जातो. १००० मिलिअँपिअर म्हणजे १ अँपिअर, हे लक्षात ठेवा. ५०० मिलिअँपिअर म्हणजे अर्धा. कुठे नुसते वॅट लिहिलेले असतील तर वॅटला व्होल्टने भागा: २४ वॅट आणि १२ व्होल्ट, म्हणजे २ अँपिअर. एका अ‍ॅडॅप्टरवरून चार कॅमेरे चालवायचे असतील तर चौघांचे अँपिअर बेरीज करून वर थोडी जागा ठेवा. प्रत्येकाला ०.५ लागत असेल तर २चा घेण्यापेक्षा ३चा घ्या.

५. आत प्लस की आत मायनस

ही पायरी मला कुणीच सांगितली नव्हती. पेटी दुरुस्त होऊन आली, मी ९ व्होल्टचा नवा कोरा अ‍ॅडॅप्टर घेऊन मिरजेला गेले, लावला, आणि काहीच नाही. दिवासुद्धा नाही. पेटीत उलटा प्रवाह अडवणारा डायोड होता म्हणून ती वाचली. सगळ्या वस्तूंत तो नसतो.

गोल पिनेला दोन भाग असतात: आतलं भोक आणि बाहेरची धातूची नळी. एकात प्लस, दुसऱ्यात मायनस. कशात काय, ते लेबलवरच्या छोट्या चित्रात असतं. मधे एक भरीव टिंब, भोवती एका बाजूला उघडं वर्तुळ, आणि दोघांपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना प्लस-मायनसची चिन्हं. टिंबाकडे प्लस असेल तर ‘आत प्लस’. राउटर, सेटटॉप बॉक्स, कॅमेरे बहुतेक आत प्लसचे. गिटारचे पेडल बहुतेक आत मायनसचे, आणि आमच्या पेटीवरही बारीक चित्रात टिंबाकडे मायनस होता. वाद्याचं काही घेत असाल तर हे चित्र भिंग लावून बघा.

मल्टीमीटरने खात्री करता येते. खटका डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनेच्या भोकात, काळं टोक बाहेरच्या नळीला. दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आकडा नुसता आला तर आत प्लस. आकड्याच्या आधी उणे चिन्ह आलं तर आत मायनस. वायरच्या रंगावरून किंवा पांढऱ्या पट्टीवरून अंदाज बांधू नका. प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी असते.

६. आता पिन

पिन शेवटी बघायची, कारण चुकली तर बदलता येते. सगळ्यात जास्त चालणारी पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर आणि आतून २.१. तिची जुळी बहीण आतून २.५, आणि फसगत होते ती या दोघींत. २.५ची पिन २.१च्या सॉकेटमध्ये आत जाते, बसल्यासारखी वाटते, पण सैल राहते. जरा धक्का लागला की वस्तू बंद, ठिणगी पडते, सॉकेट तापून काळं होतं. म्हणून वस्तू दुकानात न्या म्हणते. पिन लावून, चालू ठेवून, वायर हलवून बघा. दिवा जराही लुकलुकता कामा नये.

लॅपटॉपच्या काही पिनांमध्ये मधोमध सुईसारखा तिसरा काटा असतो. त्यातून लॅपटॉप अ‍ॅडॅप्टर ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही. तिथे मॉडेल नंबर सांगूनच घ्या.

दिसतात अ‍ॅडॅप्टरसारखे, पण नाहीत

तासगावला मामांची द्राक्षबाग आहे. त्यांच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचा चार्जर दिसायला राउटरच्या अ‍ॅडॅप्टरसारखाच, वर १२ व्होल्टही लिहिलेलं. पण तो बॅटरी चार्ज करण्यासाठी आहे. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरायला जवळपास १४ व्होल्ट द्यावे लागतात, आणि तेवढे तो देतो. एकदा लाईट आल्यावर गडबडीत मामांनी तो राउटरला लावायला घेतला होता, मी हातातून काढून घेतला. उलटंही करू नका: साध्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरने पंपाची बॅटरी पूर्ण भरत नाही आणि लवकर खराब होते. लिथियम बॅटरीचं काही असेल, म्हणजे ट्रिमर, टॉर्च, मुलांची गाडी, तर त्याचाच चार्जर वापरा. तिथे चूक झाली तर आग लागू शकते.

फॉल्स सीलिंगच्या एलईडी पॅनेलचा ड्रायव्हरही अ‍ॅडॅप्टर नव्हे. तो करंट ठरलेला ठेवतो आणि व्होल्टेज लागेल तसं बदलतो. एलईडीच्या पट्टीला मात्र साधा १२ किंवा २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लागतो.

पॉवर बँकेवरून राउटर चालवायची ५ व्होल्टचे १२ करणारी वायर मिळते. लाईट गेल्यावर ती कामाला येते, पण १२ व्होल्ट १ अँपिअरसाठी पॉवर बँकेतून ५ व्होल्टला अडीच अँपिअरहून जास्त ओढले जातात. तेवढे न देणाऱ्या पॉवर बँकेवर राउटर बंद-चालू होत राहील.

७. दुकानात

‘राउटरचा अ‍ॅडॅप्टर द्या’ असं म्हणू नका. ‘१२ व्होल्ट, दीड अँपिअर, डीसी, आत प्लस, ५.५-२.१ची पिन’ असं म्हणा. दुकानदार तुमच्याकडे नीट बघतो आणि मागच्या फळीवरचा माल काढतो.

लेबलवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बघा. अ‍ॅडॅप्टर सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत. चिन्हाजवळ आयएस १३२५२, आयएस ६१६ किंवा आयएस ३०२ यांसारखा एक क्रमांक आणि ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडे असतात. ब्युरोचं बीआयएस केअर नावाचं अ‍ॅप मोबाईलवर घ्या आणि दुकानात उभं राहूनच तो आर क्रमांक टाका. उत्पादकाचं नाव आणि नोंदणी चालू आहे का ते दिसतं. अ‍ॅपमधलं नाव आणि डबीवरचं नाव जुळलं नाही तर घेऊ नका.

खटक्याने व्होल्टेज बदलणारा आणि सात-आठ पिना असलेला युनिव्हर्सल अ‍ॅडॅप्टर मी घरात ठेवत नाही. साफसफाई करताना खटका १२वर सरकला की दुसऱ्या दिवशी ९ व्होल्टची वस्तू गेली. त्याच्या पिना उलट्याही बसतात, म्हणजे आत प्लसचं आत मायनस होतं.

आमच्या भागासाठी एक खास सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा वहिनीच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं. पूर ओसरल्यावर तिने भिजलेले अ‍ॅडॅप्टर उन्हात वाळवले. दोन चाललेही, आठवडाभर. मग एकातून धूर आला. पुराच्या पाण्याबरोबर आत गेलेला गाळ वाळला तरी आतल्या सर्किट बोर्डवर राहतो, हवेतला ओलावा धरतो, तांबं खातो. २३० व्होल्टची बाजू आणि आपल्या हाताची बाजू यांच्यामध्ये तिथे काही मिलिमीटरची जागा असते. म्हणून भिजलेला अ‍ॅडॅप्टर वाळवून वापरायचा नाही, आणि पुरानंतर हातगाडीवर ढिगाने आलेला स्वस्त माल तर अजिबात घ्यायचा नाही. डबीच्या फटीत मातकट रेघ दिसली तर समजा.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर व्होल्ट-अँपिअर लिहून मागा. नुसतं ‘अ‍ॅडॅप्टर १ नग’ असेल तर बदलून घेताना वाद होतो.

बीपी मशीन किंवा आजारी माणसाचं कुठलंही उपकरण असेल तर पुस्तिकेत दिलेला कंपनीचाच अ‍ॅडॅप्टर मागवा. सासूबाईंच्या मशीनसाठी मी चार दिवस थांबले, तोवर सेलवर चालवलं.

८. घरी पहिल्यांदा लावताना

- अ‍ॅडॅप्टर एकटाच बोर्डवर लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वास, सूं-सूं आवाज, तडतड काही आहे का बघा.
- मल्टीमीटर असेल तर व्होल्टेज आणि प्लस-मायनस पुन्हा तपासा.
- बटण बंद करा, पिन वस्तूत घाला, मग बटण चालू करा. चालू अ‍ॅडॅप्टरची पिन घातली की ठिणगी पडते.
- पहिला तासभर घरीच राहा. तासाने हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर काढा आणि बिल घेऊन परत जा.
- उशीखाली, पडद्यामागे, टीव्हीच्या मागे कपड्यात गुंडाळून ठेवू नका.

माझ्या घरी आता प्रत्येक अ‍ॅडॅप्टरला पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर न पुसणाऱ्या पेनने नाव लिहिलेलं आहे. मिरजेच्या पेटीच्या अ‍ॅडॅप्टरला तर दोन पट्ट्या आहेत. एक डबीला: ‘तानपुरा, ९ व्होल्ट, आत मायनस’. दुसरी पिनेजवळ, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात: ‘हाच’.